नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवी : शुल्काआधी तासांचा हिशेब

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतल्या आयटी कंपन्यांत चार-सहा वर्षं काढलेल्या माणसापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. हाताशी बीएस्सी, बीसीए किंवा बीईची पदवी आहे, अनुभव आहे, पगारही बरा आहे. पण वरच्या जागेसाठी अर्ज करायला घेतला की पदव्युत्तर शिक्षणाचा रकाना रिकामा राहतो. नोकरी सोडून दोन वर्षं कॉलेजात जावं, तर घराचे हप्ते थांबत नाहीत. मग ऑनलाइन एमसीए, माहिती-तंत्रज्ञान विषय घेऊन एमबीए, एखाद्या आयआयटीची नोकरदारांसाठीची पदवी किंवा परदेशी विद्यापीठाचं ऑनलाइन एमएस, असे पर्याय चाळले जातात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातल्या आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर, जागा कमी करण्याचं जाहीर केलं आणि त्याची झळ मुख्यतः मधल्या व वरच्या फळीला बसेल हेही सांगितलं. अनुभव हाच विमा, ही समजूत अशा बातम्यांनी हलते आणि पदवीचा विचार बळावतो. हा विचार चुकीचा नाही, पण तो बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. विद्यापीठाचं नाव, शुल्क आणि पगारवाढ यांची बेरीज-वजाबाकी आधी होते. माझ्या मते, माहिती प्रणाली हा विषय नोकरीतल्या माणसाला पूर्णवेळ विद्यार्थ्यापेक्षाही चांगला शिकता येतो; मात्र त्यासाठी आठवड्याचे तास खरोखर मोकळे हवेत आणि केलेलं काम नीट वाचून चुका दाखवणारा शिक्षक हवा. या दोन अटी पुऱ्या होत नसतील, तर नामवंत संस्थेची पदवीही महागडा कागद ठरते.

नोकरी करत शिकणं ही काही इंटरनेटची देणगी नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, स्थापन झालं आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू; पुढे त्यांनी इग्नूचंही कुलगुरुपद सांभाळलं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद ज्यांच्यासाठी होतं, ते कारकून, शिक्षक, कामगार आणि संसारात अडकलेल्या बायका, म्हणजे आजच्या आयटीवाल्याचेच पूर्वसूरी होते. पोस्टाने येणारी पुस्तकं, रविवारची अभ्यासकेंद्रं आणि हाताने लिहून द्यायच्या असाइनमेंट या व्यवस्थेत सगळ्यांत दुबळी कडी होती ती उत्तराची. विद्यार्थ्याने लिहिलेलं तपासून परत यायला महिने लागत, आणि तोवर पुढचं सत्र सुरू झालेलं असे. ऑनलाइन शिक्षणाने व्याख्यान हव्या त्या वेळी पाहण्याची सोय केली, हे खरं. पण त्याची मोठी शक्यता वेगळी आहे. लिहिलेलं लगेच तपासून परत देता येतं, शंका त्याच दिवशी विचारता येते, दुसऱ्या शहरातल्या सहकाऱ्याबरोबर एकच प्रोजेक्ट करता येतो. ही शक्यता किती अभ्यासक्रम प्रत्यक्षात आणतात, हा खरा कळीचा प्रश्न आहे. संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या माणसाचा दिवस मात्र १९६२ मध्ये होता तेवढ्याच तासांचा आजही आहे.

विषयाकडे पाहिलं तर नोकरदाराची बाजू भक्कम वाटते. संगणकशास्त्र यंत्राचा आणि गणनाविधीचा अभ्यास करतं. माहिती प्रणाली हा विषय यंत्र, माणसं आणि संस्था यांच्या एकत्र चालण्याचा अभ्यास करतो. अमेरिकेतल्या एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा पहिला आराखडा १९७२ मध्ये दिला. असोसिएशन फॉर इन्फर्मेशन सिस्टिम्सबरोबर तिने २०१६ मध्ये मांडलेल्या आराखड्यात नऊ क्षमता सांगितल्या आहेत. प्रणाली विकसित करणं आणि विदेचं (डेटाचं) व्यवस्थापन हे त्यातले दोनच भाग. बाकीच्यांत संस्थेची धोरणं, कारभाराची घडी, सुरक्षा आणि संकटातही काम चालू ठेवणं, संस्थेतले बदल पचवणं, नैतिकता अशा गोष्टी येतात. महाराष्ट्रातलं उदाहरण घ्यायचं तर ई-पीक पाहणीचं घ्यावं. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करावी, अशी व्यवस्था राज्यभर आली. ॲप लिहिणं हा त्यातला तुलनेने सोपा भाग. शिवारात नेटवर्क नसेल तर काय, तलाठ्याने पूर्वी केलेल्या नोंदीचा अधिकार आता कोणाकडे, चुकीची नोंद कोण दुरुस्त करणार, विमा आणि नुकसानभरपाई त्याच नोंदीवर अवलंबून असेल तर मुदत किती ठेवायची, असे प्रश्न कोडमध्ये सुटत नाहीत. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला हे पुस्तकातून वाचावं लागतं. एखाद्या बँकेचं कोअर बँकिंग बदलताना रात्र काढलेल्या किंवा कारखान्यात सॅप बसवताना हिशेब विभागाशी वाद घातलेल्या माणसाने ते भोगलेलं असतं. त्याला हवी असते ती त्या अनुभवाला नाव आणि शिस्त देणारी चौकट. अनुभव आणि चौकट एकाच आठवड्यात भेटण्याची सोय पूर्णवेळ वर्गात नसते.

मात्र पदवी घेण्याआधी ती कायद्याने पदवी आहे का, हे पाहावं लागतं, आणि या बाबतीत आपल्याकडचा इतिहास कटू आहे. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबद्दल निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा देण्याची संधी मिळाली. त्यानंतरच्या पदव्या थेट रद्द ठरल्या. त्या पदव्यांवर बढत्या घेतलेल्या नोकरदारांना विद्यापीठाच्या बेपर्वाईची किंमत मोजावी लागली. आज विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे नियम लागू आहेत. त्यांनुसार अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा अशा शाखांच्या पदव्या दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देता येत नाहीत. म्हणून या नियमांखाली ऑनलाइन एमटेक मिळत नाही, एमसीए किंवा एमबीए मिळतं, आणि एमसीएसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचीही मान्यता लागते. आयआयटी संसदेच्या स्वतंत्र कायद्याने चालतात, त्यामुळे त्यांच्या ऑनलाइन पदव्यांची वाट वेगळी. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते. ती अभ्यासक्रमाला आणि प्रवेशाच्या सत्राला असते. म्हणून जाहिरातीतल्या शिक्क्यांवर न विसंबता आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या सत्राची यादी पाहावी आणि तिची छापील प्रत जपून ठेवावी. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरावी. परदेशी ऑनलाइन पदवीला हे आपोआप लागू होत नाही. पुढे प्राध्यापकी, पीएचडी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल, तर समकक्षतेचा प्रश्न प्रवेशाआधी सोडवावा.

कायद्याने बरोबरीची असली, तरी शिकवण्यात ती बरोबरीची असते का? या प्रश्नावर पुरावा भरपूर आहे आणि तो दोन्ही बाजूंनी बोलतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने १९९६ ते २००८ मधल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण करून २०१० मध्ये सुधारित अहवाल दिला. त्यात ऑनलाइन शिकणारे सरासरीने किंचित पुढे दिसले, आणि ऑनलाइनला प्रत्यक्ष वर्गाची जोड असलेले आणखी पुढे. पण त्या जोडीच्या अभ्यासक्रमांत बऱ्याचदा अभ्यासाला दिलेला वेळच जास्त होता, हेही अहवालानेच नोंदवलं. उलट बाजूला, बेटिंजर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एका मोठ्या नफाकेंद्री अमेरिकी विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे तोच विषय वर्गात घेण्याऐवजी ऑनलाइन घेतला की विद्यार्थ्याची श्रेणी घसरत होती, आणि आधीच कच्च्या असलेल्यांची जास्त घसरत होती. हे विद्यार्थी पहिल्या पदवीचे होते, हे लक्षात ठेवायला हवं. तिसरा पुरावा हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांचा. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-वालिएन्ते यांनी २०१९ मध्ये दाखवलं की २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी जेमतेम ३.१३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. पण प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. तिन्ही एकत्र वाचले की माध्यमाला फारसा दोष देता येत नाही. ज्याने मनापासून ठरवलं आहे, ज्याचा पाया पक्का आहे आणि ज्याचं काम कोणीतरी तपासतं आहे, तो ऑनलाइनही शिकतो. ज्याला नुसते व्हिडिओ हाती दिले, तो बहुतेक वेळा अर्ध्यातच थांबतो.

या बाबतीत जगात सगळ्यांत जास्त तपासला गेलेला प्रयोग अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाचा आहे. संगणकशास्त्राचं पूर्ण एमएस ऑनलाइन, उडॅसिटीच्या तंत्रावर आणि एटी अँड टीच्या आर्थिक मदतीने, सात हजार डॉलरांच्या आसपास शुल्कात देण्याची घोषणा २०१३ मध्ये झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये पहिला वर्ग सुरू झाला. गुडमन, मेल्कर्स आणि पॅलेस या संशोधकांनी या प्रवेशाचा अभ्यास केला तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. ज्यांना इथे प्रवेश मिळाला नाही, ते बहुतांशी दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात गेले नाहीत. त्यांनी शिकणंच सोडून दिलं. म्हणजे ऑनलाइन पदवीने जुन्या वर्गांचे विद्यार्थी पळवले नाहीत, तर एरवी शिकलेच नसते अशांना शिकवलं. मागणी होती ती नोकरीच्या मध्यावर असलेल्या माणसांची, आणि या एकाच अभ्यासक्रमाने अमेरिकेतल्या संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर पदव्यांत दरवर्षी सुमारे ७ टक्क्यांची भर पडेल असा त्यांचा अंदाज होता. ‘खरं शिकायचं तर कॉलेजातच जावं’ असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. नोकरदारापुढे कॉलेज की ऑनलाइन असा पर्याय क्वचितच असतो. त्याच्यापुढचा खरा पर्याय ऑनलाइन की काहीच नाही, असा असतो. अर्थात भारतातून असं परदेशी एमएस करणाऱ्याने एक गोष्ट ओळखून असावं. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा मिळत नाही, आणि त्यामुळे शिक्षणानंतर तिथे काम करण्याची मुभाही नाही. पदवी तीच असली, तरी परदेशाचा दरवाजा तिने उघडत नाही.

आता तासांकडे येऊ. आपल्याकडच्या दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचा साधारण ३० तासांचा अभ्यास, अशी मोजणी आहे. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीचे ८० श्रेयांक धरले, तर २४०० तास होतात. १०४ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २३ तास. नोकरीचे ४५ तास, पुण्यातली किंवा मुंबईतली रोजची ये-जा आणि रात्री-अपरात्री येणारा सपोर्टचा कॉल यांच्यावर हे २३ तास बसवायचे म्हणजे रोज किमान दोन तास आणि शनिवार-रविवारचे सहा-सहा. चार वर्षांत पसरवले तर आठवड्याला साडेअकरा तास, आणि हे माणसाला झेपण्यासारखं आहे. इग्नूच्या एमसीएला दोन वर्षांची पदवी चार वर्षांपर्यंत लांबवण्याची मुभा आहे. ती आळशांसाठी ठेवलेली सवलत नसून नोकरदारासाठीचा खरा वेग आहे. बीन आणि मेट्झनर यांनी १९८५ मध्येच मांडलं होतं की प्रौढ, नोकरदार विद्यार्थी शिक्षण सोडतो तेव्हा कारण बहुधा वर्गाबाहेर असतं. नोकरीचे तास, घरच्या जबाबदाऱ्या आणि पैसा यांचा भार अभ्यासातल्या हुशारीपेक्षा जास्त ठरतो. हा भार सगळ्यांवर सारखा नसतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. घरबसल्या शिका, ही हाक बाईला सोयीची वाटते खरी. पण ज्या घरात बसून शिकायचं त्याच घरात तिची दुसरी पाळी चालू असते. घरातल्या कामांची फेरवाटणी न करता घेतलेला प्रवेश तिच्या झोपेतून तास काढतो.

पैशाचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. इग्नूच्या एमसीएचं चार सत्रांचं शुल्क साधारण ५० हजारांच्या घरात जातं. आयआयटी कानपूरने २०२२ पासून सुरू केलेल्या नोकरदारांसाठीच्या ई-मास्टर्स पदवीला आठ लाखांच्या आसपास लागतात. मग हा सोळापट फरक कशाचा? व्याख्यानांचा निश्चित नव्हे. आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर आणि २०१७ पासून स्वयंम मंचावर फुकट मिळतात. शुल्कातून आपण विकत घेतो त्या बाकीच्या गोष्टी : मुदतीचा धाक, तपासनीस, सहाध्यायी, प्रोजेक्टचा मार्गदर्शक आणि संस्थेचं नाव. शेवटची गोष्ट महाग असते आणि पहिल्या चार मिळतीलच याची हमी ती देत नाही. दुसरी मेख मध्यस्थांची. अमेरिकेत विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्या चालवणाऱ्या टूयू कंपनीने २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरांना एडएक्स हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच घेतला आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. शुल्कातला मोठा वाटा अशा कंपनीकडे आणि तिच्या जाहिरातींकडे गेला की शिकवण्यावर उरतं ते थोडं. भारतात पदवी फ्रँचायझीवर देता येत नाही, असं आयोगाने २०२२ मध्ये बजावलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून मान्यतेविना पदव्या देणाऱ्या एडटेक कंपन्यांबद्दलही सावध केलं. फोनवर ‘आजच सीट अडवा’ म्हणणारा सल्लागार कोणाच्या पगारावर आहे, हे त्यामुळेच विचारावं.

पण एवढं करून बाजारात या पदवीला भाव आहे का? अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो : पदवी ज्ञान देवो न देवो, ती मालकाला एक खूण देते की हा माणूस अवघड काम शेवटाला नेतो. ही खूण संस्थेच्या प्रतिष्ठेवर ठरते. डेव्हिड डेमिंग आणि सहकाऱ्यांनी काल्पनिक अर्ज पाठवून केलेल्या २०१६ च्या प्रयोगात नफाकेंद्री ऑनलाइन संस्थेची वाणिज्य पदवी दाखवणाऱ्यांना साध्या सरकारी कॉलेजच्या पदवीधरांपेक्षा २२ टक्के कमी बोलावणी आली. इथे निवडीचा धडा असा की अनोळखी खासगी संस्थेच्या ऑनलाइन पदवीपेक्षा सरकारी मुक्त विद्यापीठाची साधी पदवी अनेकदा बरी. यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे आता पदवीचं युगच संपलं, कंपन्या कौशल्य बघतात, क्लाउडची दोन प्रमाणपत्रं घेतली की झालं. या आक्षेपात तथ्य आहे, पण थोडं. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांच्या २०२४ च्या अहवालात दिसलं की अमेरिकेत पदवीची अट काढल्याच्या घोषणा जोरात झाल्या, पण प्रत्यक्षात वर्षभरातल्या सातशे नेमणुकांत एकीलाही त्याचा लाभ झाला नाही. प्रमाणपत्र एका उत्पादनाचं कौशल्य सांगतं आणि ते उत्पादन बदललं की शिळं होतं. पुढच्या वर्षी तेच काम जास्त चांगलं करायचं असेल, तर प्रमाणपत्र घ्यावं. काम बदलायचं असेल, प्रोग्रॅमरचा विश्लेषक किंवा विश्लेषकाचा प्रकल्पप्रमुख व्हायचं असेल, तर पदवीचा विस्तार लागतो.

दुसरा आक्षेप ताजा आणि जास्त गंभीर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून घरी बसून लिहायच्या असाइनमेंटला काही अर्थ उरला का? आणि कोड यंत्रच लिहिणार असेल, तर माहिती प्रणालीची पदवी घ्यायचीच कशाला? पहिल्या भागाला मान्यता द्यायला हवी. ज्या अभ्यासक्रमात सगळं मूल्यमापन घरी लिहिलेल्या उत्तरांवर आणि बहुपर्यायी चाचण्यांवर आहे, त्या पदवीची खूण झपाट्याने पुसट होणार. आपल्या नियमांत सत्रांत परीक्षेला जास्त वजन आहे, हा एक आधार. पण पाठांतराच्या परीक्षेने हा प्रश्न सुटत नाही. सुटतो तो तोंडी परीक्षेने, स्वतःच्या कामावर बेतलेल्या प्रोजेक्टने आणि त्या प्रोजेक्टवर परीक्षकाने उलटसुलट विचारलेल्या प्रश्नांनी. जॉर्जिया टेकमध्ये अशोक गोयल यांनी २०१६ मध्येच विद्यार्थ्यांच्या ठरावीक शंकांना उत्तरं देण्यासाठी ‘जिल वॉटसन’ नावाचा यांत्रिक साहाय्यक वापरला होता. यंत्राने ठरावीक काम घ्यावं आणि माणसाने विद्यार्थ्याचं काम वाचावं, ही वाटणी योग्य आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर विषयातच आहे. कोड स्वस्त होतो तेव्हा कोणता कोड लिहायचा, कोणाची विदा वापरायची, चुकलं तर जबाबदार कोण, हे ठरवणाऱ्यांची गरज वाढते. २०१६ च्या आराखड्यातल्या नऊ क्षमतांपैकी यंत्राने सर्वांत कमी गिळलेल्या क्षमता याच आहेत.

तिसरा आक्षेप सोबतीचा : वर्गमित्र नाहीत, प्राध्यापकाशी ओळख नाही, कॅम्पस प्लेसमेंट नाही. प्लेसमेंटची अपेक्षा नोकरदाराने सोडावी. ती नोकरी नसलेल्या ताज्या पदवीधरांसाठी बांधलेली व्यवस्था आहे. सोबत मात्र हवी, आणि ती आपोआप मिळत नाही. एकाच तुकडीतल्या चार-पाच जणांनी ठरवून दर आठवड्याला एकत्र येणं, शक्य असेल तिथे एकाच शहरातल्यांनी प्रत्यक्ष भेटणं, हे अभ्यासाचंच अंग समजावं. ऑफिसातली समस्या प्रोजेक्ट म्हणून घेताना आणखी एक काळजी लागते. कंपनीची विदा ही विद्यार्थ्याची मालमत्ता नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ग्राहकांच्या माहितीबद्दल कंपन्यांवर स्पष्ट जबाबदाऱ्या टाकल्या आहेत, शिवाय नोकरीच्या करारात गोपनीयतेची अट असतेच. म्हणून वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी, नावं आणि आकडे झाकून काम करावं, किंवा ऑफिसातली समस्या घेऊन विदा सार्वजनिक वापरावी. ही काळजी म्हणजेच माहिती प्रणालीचा एक धडा आहे.

जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नाही. पदवीचा फायदा कंपनीलाही होतो, मग तासांचा भार तिने का वाटून घेऊ नये? बिट्स पिलानीने १९७९ पासून नोकरदारांसाठी कामाशी जोडलेले अभ्यासक्रम चालवले आणि अनेक उद्योगांशी त्यासाठी करार केले. म्हणजे कल्पना नवी नाही. बऱ्याच कंपन्या शुल्काचा काही भाग परत देतात आणि त्याबदल्यात दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेतात. माझ्या मते, शुल्कापेक्षा आठवड्यातली एक हक्काची संध्याकाळ आणि परीक्षेच्या आठवड्यात रिलीजपासून सुटका यांची किंमत जास्त आहे. कंपनीला त्यात फारसा खर्च नाही, आणि अर्ध्यात शिक्षण सोडण्याचं मुख्य कारण तिथेच कमी होतं. विद्यापीठांनीही प्रवेशसंख्या मिरवण्याऐवजी किती जणांनी पदवी पुरी केली, एका तपासनिसाकडे किती विद्यार्थी आहेत आणि असाइनमेंट किती दिवसांत शेऱ्यांसह परत येते, हे आकडे दर सत्राला जाहीर करावेत. आयोगाने ते सक्तीचे करावेत. विद्यार्थ्याला निवडीसाठी लागणारी माहिती हीच आहे, आणि आज माहितीपत्रकात सहसा तीच नसते.

सारांश असा. ज्याचा पाया पक्का आहे, ज्याला कामाचं स्वरूप बदलायचं आहे आणि ज्याच्याकडे आठवड्याचे अकरा-बारा तास चार वर्षं राहतील, त्याने मान्यताप्राप्त, शक्यतो सरकारी किंवा प्रस्थापित संस्थेची ऑनलाइन पदवी निःशंक घ्यावी. ती कुठल्याही अर्थाने दुय्यम नाही. ज्याला केवळ एका साधनाचं कौशल्य हवं आहे, त्याने प्रमाणपत्रावर थांबावं. ज्याला परदेशात जायचं आहे, त्याने पूर्णवेळ शिक्षणाचाच विचार करावा. आणि ज्याचे तास खरोखर मोकळे नाहीत, त्याने एखादा-दुसरा विषय स्वयंमवर परीक्षेसह पुरा करून स्वतःला आधी तपासावं. तो झेपला नाही तर पदवीही झेपणार नाही, आणि हे हजार-दोन हजारांत कळलेलं बरं. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी विद्यापीठाला एकच प्रश्न लेखी विचारा : माझं लिहिलेलं काम कोण वाचणार आणि किती दिवसांत? त्याचं सरळ उत्तर न देणाऱ्या संस्थेत पैसे भरू नका.